गाढव गेलं, खेचर राहिलं

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये लाइमवायरने फायर फेस्टिव्हल विकत घेतला. ज्यांनी तरुणपणी इंटरनेटवरून थोडीफार गाणी 'जमवली' आहेत आणि आता ज्यांना चाळिशीचा चष्मा लागला आहे, त्यांनी ही बातमी वाचून आधी तो चष्मा पुसला असणार. गाण्यांची देवाणघेवाण करवणारं लाइमवायर तर २०१० साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बंद पाडलं होतं. आणि फायर फेस्टिव्हल म्हणजे २०१७ साली बहामा बेटांवर झालेला, खरं तर न झालेला, संगीत महोत्सव. हजारो डॉलर मोजून आलेल्या श्रीमंत पोरांना तिथे आलिशान व्हिलाऐवजी आपत्तिग्रस्तांचे तंबू मिळाले, मेजवानीऐवजी पाव-चीजचा एक डबा मिळाला आणि आयोजकाला पुढे फसवणुकीबद्दल तुरुंग मिळाला. उरलं फक्त नाव. ते ईबेवर लिलावात निघालं, २,४५,३०० डॉलरला गेलं. चोराच्या हातची लंगोटी म्हणतात ती हीच, फक्त इथे लंगोटीसाठी बोली लागली होती.

आता हे नवं लाइमवायर म्हणजे जुनं लाइमवायर नव्हे. ऑस्ट्रियातल्या दोन भावांनी ते नाव घेतलं आणि २०२२ मध्ये त्यावर एनएफटीचं, म्हणजे डिजिटल मालकीच्या दाखल्यांचं, दुकान थाटलं. एनएफटीचा बाजार उठल्यावर दुकानात एआयचा माल आला. जुन्या लाइमवायरशी या मंडळींचं नातं नावापुरतं आणि त्या हिरव्या लिंबापुरतं. पण लोकांच्या मनात त्या लिंबाचा वास अजून आहे, आणि वासाला बाजारभाव आहे.

ज्यांचा जन्म यूट्यूब लागल्यावर झाला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक काळ असा होता की गाणं हवं असेल तर ते कुणाच्या तरी कॉम्प्युटरवरून आणावं लागे. ते कुणीतरी म्हणजे कंपनी नव्हे. ब्राझीलमधला एखादा टॅक्सीवाला, पोलंडमधली एखादी आजी, नाहीतर आपल्याच हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावरचा पोरगा. त्याच्या कॉम्प्युटरवर गाणं असायचं, तो ते आपल्याला द्यायचा, आपण आपल्याकडचं तिसऱ्याला द्यायचो. मधे दुकान नाही, मालक नाही, पैसे नाहीत. आणि कायदा? कायदा होता. तो वेगळ्या खोलीत बसून दात कोरत होता. बाहेर आला तेव्हा मात्र त्याने कुणाकुणाला धरलं ते ऐकण्यासारखं आहे.

सुरुवात नॅप्स्टरने केली. १९९९ साली शॉन फॅनिंग नावाच्या कॉलेजातल्या पोराने ते लिहिलं, आणि वर्षभरात अमेरिकेतल्या कॉलेजांचं नेट गाण्यांनी तुंबलं. मेटालिका या बँडला इतका राग आला की त्यांचा ड्रमवाला लार्स उलरिक २००० सालच्या मे महिन्यात नॅप्स्टरच्या कचेरीत स्वतः गेला आणि आपली गाणी वाटणाऱ्या तीन लाखांहून अधिक लोकांची नावं कागदावर छापून, खोकी भरून देऊन आला. संगणकाच्या इतिहासात डिजिटल गुन्ह्याचा पुरावा गाडीतून उतरवून घ्यावा लागल्याचा हा बहुधा सर्वांत वजनदार प्रसंग. २००१ च्या जुलैत नॅप्स्टर बंद झालं, पुढच्या वर्षी दिवाळं निघालं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आपल्याकडे आत्मा अमर असतो आणि अमेरिकेत ट्रेडमार्क. नॅप्स्टरचं नाव आधी सीडी कॉपी करण्याचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या रॉक्सिओने घेतलं आणि त्यावर पैसे देऊन गाणी ऐकण्याची सेवा काढली. २००८ मध्ये ते टीव्ही-फ्रिज विकणाऱ्या बेस्ट बायकडे गेलं. २०११ मध्ये ऱ्हॅप्सडीकडे. ऱ्हॅप्सडीला पाच वर्षांनी साक्षात्कार झाला की आपल्या नावापेक्षा या विकत घेतलेल्या नावालाच लोक ओळखतात, तेव्हा तिने स्वतःचंच नाव नॅप्स्टर ठेवलं. २०२० मध्ये आभासी मैफली दाखवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीने ते घेतलं, २०२२ मध्ये क्रिप्टोवाल्यांनी, आणि २०२५ च्या मार्चमध्ये इन्फिनिट रिअ‍ॅलिटी नावाच्या कंपनीने २० कोटी ७० लाख डॉलर मोजून. दोनच महिन्यांत तिनेही स्वतःचं नाव बदलून नॅप्स्टर ठेवलं. म्हणजे नॅप्स्टरला जो विकत घेतो तोच नॅप्स्टर होतो. हडळीच्या गोष्टींत असले प्रकार ऐकले होते. शेअर होल्डरांच्या सभेत ते ठराव करून मंजूर होतात हे नवीन कळलं.

यातल्या एकालाही नॅप्स्टरच्या चिन्हातलं ते हेडफोन घातलेलं मांजर काय करत असे याच्याशी कर्तव्य नव्हतं. प्रत्येकाला हवी होती ती तुमची-माझी विशीतली आठवण, आणि आपण ती फुकट दिली होती.

नॅप्स्टरला मारणं सोपं गेलं याचं कारण तांत्रिक आहे आणि मला ते फार आवडतं. गाणी लोकांच्या कॉम्प्युटरवर असली तरी कुणाकडे काय आहे याची यादी नॅप्स्टरच्या स्वतःच्या सर्व्हरवर होती. यादी बंद केली की सगळं बंद. हे बघून २००० सालच्या मार्चमध्ये जस्टिन फ्रँकेल आणि टॉम पेपर या दोघांनी नूटेला नावाचं असं काही बनवलं की ज्यात यादीच नाही. प्रत्येक कॉम्प्युटर शेजारच्याला विचारणार, 'तुझ्याकडे आहे का हो?' तो त्याच्या शेजाऱ्याला विचारणार. गंमत म्हणजे हे दोघं नोकरीला होते एओएल या इंटरनेट कंपनीच्या पदरी, आणि एओएलचं तेव्हा टाइम वॉर्नरशी, म्हणजे खुद्द गाणी विकणाऱ्या कंपनीशी लग्न ठरलं होतं. पोरांनी कार्यालयातच बुंदीचं भांडं उपडं केलं. दुसऱ्या दिवशी एओएलने तो प्रोग्रॅम काढून टाकला. पण एका दिवसात तो हजारो हातांत गेला होता, लोकांनी त्याची आतली भाषा उलगडली, आणि लाइमवायर त्याच भाषेत बोलायला लागलं.

मग खटले. खटल्यांचं प्रकरण मी फार लांबवणार नाही, त्यात हसण्यापेक्षा संताप जास्त आहे. २००३ साली अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने ज्यांच्यावर दावे लावले त्यांत न्यूयॉर्कमधली एक १२ वर्षांची मुलगी निघाली. तिच्या आईने २,००० डॉलर देऊन सुटका करून घेतली. मिनेसोटातल्या एका बाईंना २४ गाण्यांसाठी २००९ साली ज्युरीने १९ लाख २० हजार डॉलरचा दंड ठोकला, म्हणजे गाण्यामागे ८०,००० डॉलर. वर्षानुवर्षं अपिलं होऊन तो २,२२,००० वर आला. पण सगळ्यांत कहर लाइमवायरच्या खटल्यात झाला. कंपन्यांनी नुकसानभरपाईचं जे सूत्र मांडलं, ते प्रत्येक डाउनलोडला लावलं तर आकडा ७५ लाख कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकतो असं हिशेबात निघालं. न्यायाधीश किंबा वूड यांनी हे हास्यास्पद असल्याचं निकालपत्रातच लिहिलं. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ शोधला तेव्हापासून साऱ्या संगीत उद्योगाने मिळून जेवढे पैसे कमावले त्याहून हा आकडा मोठा ठरतो, हे त्यांनी ध्यानात आणून दिलं. शेवटी २०११ च्या मे महिन्यात १० कोटी ५० लाखांवर तडजोड झाली. घासाघीस करावी तर अशी. आमच्या तुळशीबागेतल्या गिऱ्हाइकांनासुद्धा ७५ लाख कोटींवरून साडेदहा कोटींवर आणायला दुपार लागली असती.

आपल्याकडे या बाबतीत पहिला मान अशोक कुमारचा. दादामुनींचा काही संबंध नाही. परदेशात अज्ञात आरोपीला जॉन डो म्हणतात तसं भारतात चित्रपट प्रदर्शित होण्याआधी निर्माते न्यायालयात जातात आणि 'अशोक कुमार' नावाच्या न सापडलेल्या इसमाविरुद्ध मनाई हुकूम आणतात. २०१२ साली मद्रास उच्च न्यायालयातून 'कोलावेरी डी'वाल्या '३' या चित्रपटासाठी असाच हुकूम निघाला आणि इंटरनेट कंपन्यांनी हात झटकून अख्ख्या साइटच्या साइट बंद केल्या. २०१६ मध्ये तर बंद साइट उघडली की स्क्रीनवर पाटी येऊ लागली: इथलं काही पाहिलं तरी तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. घराघरांत आयांनी पोरांचे मोबाइल काढून घेतले. मग मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी 'ढिशूम' चित्रपटाच्या प्रकरणात स्पष्ट केलं की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. 'ढिशूम' ज्यांनी पाहिला होता त्यांचं म्हणणं, शिक्षा तर आम्ही आधीच भोगली.

खरं तर महाराष्ट्रातल्या बहुसंख्य जनतेला नॅप्स्टर, लाइमवायर यांची गरजच नव्हती. एसटी स्टँडबाहेर मोबाइलचं दुकान होतं. 'येथे मेमरी कार्ड भरून मिळेल' अशी हाताने लिहिलेली पाटी. आत एक पोरगा, एक कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेला कार्ड रीडर, ज्याची वायर चिकटपट्टीने बांधलेली. तुम्ही विचारायचं, "मराठी काय आहे?" तो मान वर न करता म्हणणार, "काय टाकू? लावणी, भक्ती, की डीजे?" मागचा म्हातारा म्हणायचा, "जुनं टाक रे काहीतरी." तो 'ओल्ड' नावाचा फोल्डर टाकायचा. त्या 'ओल्ड'मध्ये १९५२ पासून २००९ पर्यंत सगळं एका ओळीत. फाइलच्या नावात कुठल्या तरी साइटचं नाव, मग आणखी एका साइटचं नाव, मग गायकाचं चुकीचं नाव, आणि शेवटी 'ट्रॅक ०७'. ते गाणं कुठून कुठून फिरत आलं याचा प्रवास त्या नावावर शिक्क्यांसारखा उमटलेला. पन्नास रुपयांत कार्ड गच्च.

नावांच्या बाबतीत काझा हे असंच दुसरं जाळं आणि लाइमवायर, दोन्ही तशीच. तिथे गायक कोण हे गाणाऱ्याने ठरवायचं नसून फाइल टाकणाऱ्याने ठरवायचं होतं. 'डोन्ट वरी, बी हॅपी' हे गाणं बॉबी मॅकफेरिनने १९८८ साली गायलं. काझावर ते बॉब मार्लीचं होतं, जो १९८१ सालीच वारला. आजही अर्धं जग ते मार्लीचंच समजतं. आपल्याकडे गझल म्हटली की जगजित सिंग आणि अभंग म्हटला की भीमसेनजी, मग आवाज बाईचा का असेना. माझ्या एका मित्राने दोन तास वाट बघून उतरवलेल्या 'मारवा'त फक्त टाळ्या होत्या. खूप छान टाळ्या होत्या. त्याने त्या ठेवल्या.

रेकॉर्ड कंपन्यांना या गोंधळाचा वास लागला आणि त्यांनी मुद्दाम खोट्या फाइल सोडायला माणसं नेमली. मॅडोनाने २००३ साली आपल्या नव्या गाण्यांच्या नावाने अशा फाइल सोडल्या की उघडल्या की तीच खडसावून विचारते, काय चालवलंय तुम्ही, आणि मधे एक शिवी. थेट मॅडोनाच्या तोंडून शिवी! तिच्या चाहत्यांनी ती फाइल आणखी वाटली.

पण खरी शाळा कुठली होती विचाराल तर हॉस्टेल. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलांत, पवईच्या आयआयटीपासून गावोगावच्या कॉलेजांपर्यंत, डीसी++ नावाचा प्रोग्रॅम चालायचा. सगळ्या खोल्या एका लॅनवर, आणि मधे एक हब. बाहेरचं नेट गोगलगायीचं असलं तरी खोलीतून खोलीत पिक्चर पाच मिनिटांत. आमच्या हबवर शिरायचं तर अट होती: स्वतःचा दहा जीबी माल उघडा ठेवायचा, तरच आत प्रवेश. आता नव्या आलेल्या पहिल्या वर्षाच्या पोराकडे दहा जीबी कुठून येणार? तो मग विंडोजचा अख्खा फोल्डर शेअर करायचा. नाहीतर एकाच पिक्चरच्या सहा कॉप्या करून त्यांना सहा नावं द्यायचा. अशी कितीतरी पोरं महिनोन्‌महिने कॉम्प्युटरच्या ड्रायव्हर फाइली जगाला खुल्या करून 'शोले' घेऊन गेली. पुढे डीसी++ने प्रत्येक फाइलचा ठसा काढायला सुरुवात केली आणि एकाच मालाची दुसरी कॉपी मोजणं बंद झालं, तेव्हा रात्रीतून कित्येक श्रीमंत पोरं दरिद्री झाली.

हबचा ऑपरेटर थर्ड इयरचा कुणीतरी असायचा. त्याला कॉलेजात काडीची किंमत नव्हती. मेसमधे त्याच्या ताटात सगळ्यांत शेवटी वाढायचे. पण हबवर तो शिवाजीनगरचा पोलीस कमिशनर. "भाऊ, स्लॉट दे ना," म्हणून त्याच्या खोलीबाहेर टॉपर पोरं उभी राहायची. स्लॉट म्हणजे एका वेळी किती जणांना माल द्यायचा त्याच्या जागा. तीन स्लॉट, तीसजण रांगेत. कुणी फक्त उतरवून घेतंय आणि आपलं काही देत नाही असं दिसलं की भाऊ त्याला लाथ मारून हबबाहेर काढायचा, आणि मुख्य चॅटवर नाव-खोली नंबरासकट जाहीर करायचा. लग्नात जेवून आहेर न देता मागच्या दाराने सटकणाऱ्या पाहुण्याचीही गावात इतकी शोभा होत नाही.

२००७ च्या मार्चमध्ये मुंबई आयआयटीने रात्री ११ पासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत हॉस्टेलांतलं इंटरनेट बंद केलं. कारण दिलं की पोरं वर्गात येत नाहीत आणि एकमेकांशी बोलत नाहीत. हे दुसरं कारण ज्यांनी काढलं ते कधी हबच्या चॅटवर आले नसावेत. तिथे पोरं एकमेकांशी जे बोलत ते कुलसचिवांना वाचून दाखवण्यासारखं नव्हतं, एवढंच.

आता या धंद्यातली मूळ मंडळी कुठे गेली ते बघा, कारण तिथेच खरी मेख आहे. काझा ज्या दोघांनी काढलं ते झेनस्ट्रॉम आणि फ्रीस, खटले सुरू झाल्यावर काझा विकून मोकळे झाले. घेणाऱ्या कंपनीची नोंदणी वानुआतूत आणि कारभार सिडनीत, म्हणजे नोटीस बजावायला बेलिफाला प्रशांत महासागर ओलांडावा लागणार. त्याच दोघांनी आणि काझाच्याच एस्टोनियन प्रोग्रॅमरांनी २००३ मध्ये तेच तंत्र फोनला लावलं. त्याचं नाव स्काइप. अमेरिकेतल्या मुलाशी बोलताना "आवाज येतोय का? आता येतोय का?" असं साऱ्या चाळीला ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडणारे सदाशिव पेठेतले आजी-आजोबा वर्षानुवर्षं काझाच्या सख्ख्या भावंडावर बोलत होते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. ते पुढे मायक्रोसॉफ्टने साडेआठ अब्ज डॉलरला घेतलं आणि ५ मे २०२५ ला बंद केलं.

टॉरेंट, म्हणजे एकच फाइल तुकड्यातुकड्यांनी अनेकांकडून उतरवायची पद्धत, चालवणारा म्यूटॉरेंट नावाचा चिमुकला प्रोग्रॅम लुडविग स्ट्रिगेउसने लिहिला. म्यूटॉरेंटच्या कंपनीचा काही काळ प्रमुख होता डॅनिएल एक. दोघं उठून स्पॉटिफायमध्ये गेले. तिथल्या संस्थापकांपैकी एक तर हा डॅनिएल स्वतःच. नॅप्स्टरचा दुसरा भागीदार शॉन पार्कर पुढे स्पॉटिफायच्या संचालक मंडळावर आला. आणि स्पॉटिफायसुद्धा २०१४ पर्यंत गाणी ऐकणाऱ्यांच्याच कॉम्प्युटरमधून एकमेकांना पुरवत होतं. म्हणजे ज्या पोरांनी आपल्याला फुकट गाणी ऐकवायची सवय लावली, तीच आता दर महिन्याला खात्यातून पैसे कापतात. सवय लावायचं काम मात्र त्यांनी मन लावून केलं होतं, हे मान्य करायला हवं.

बिटटॉरेंट ही कंपनी २०१८ मध्ये क्रिप्टोवाल्या जस्टिन सनने घेतली. हे तेच गृहस्थ ज्यांनी २०२४ मध्ये भिंतीला चिकटपट्टीने लावलेलं केळं ६२ लाख डॉलरला लिलावात घेतलं आणि खाल्लं. बिटटॉरेंटबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

आणि आता गाढव. ईडाँकी नावाचं नेटवर्क जेड मॅकॅलेबने २००० साली काढलं. २००६ मध्ये रेकॉर्ड कंपन्यांनी धरल्यावर त्याच्या कंपनीने तीन कोटी डॉलर भरायचं कबूल केलं आणि दुकान बंद केलं. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, ही म्हण इतक्या शब्दशः मी दुसरीकडे घडलेली पाहिली नाही. मॅकॅलेबने पुढे माउंट गॉक्स हे बिटकॉइनच्या खरेदी-विक्रीचं दुकान काढलं, जे दुसऱ्याला विकल्यावर बिटकॉइनच्या इतिहासातलं सर्वांत प्रसिद्ध दिवाळं ठरलं. मग रिपल, मग स्टेलर, तीही क्रिप्टोचीच दुकानं. माणूस ज्या गोष्टीला हात लावतो तिचं काही ना काही होतंच.

पण गाढव जायच्या चार वर्षं आधी, २००२ च्या मे महिन्यात, मेर्कुर या नावाने वावरणाऱ्या एका जर्मनाने त्याच नेटवर्कवर चालणारा स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं ईम्यूल. खेचर. कोडच सगळ्यांना मोकळा. कंपनी नाही, शेअर नाहीत, विकायला काही नाही. गाढवाचे सर्व्हर पोलिसांनी उचलले तेव्हा खेचराकडे काड नावाचं दुसरं जाळं तयार होतं, ज्यात सर्व्हरच लागत नाही. आणि ते आजही चालतं. २०१० नंतर मूळ मंडळींनी नवी आवृत्ती काढली नाही तेव्हा दुसऱ्या हौशी लोकांनी कोड घेऊन काढल्या.

ईम्यूलवर फाइल मागितली की तुम्ही रांगेत उभे राहता आणि तुमचा नंबर समोर दिसतो. २,४१८. जेवून यावं, २,४१६. तुम्ही ज्याला माल दिलेला असेल त्याच्या रांगेत तुमचा नंबर लवकर लागतो. ज्याने जगाला कधी काही दिलं नाही त्याने उभं राहायचं. रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवायचा, पंख्याचा घूं-घूं आवाज, आईचा प्रश्न "बिल कोण भरणार?", आणि सकाळी ९८ टक्के. उरलेले दोन टक्के ज्या एकाच माणसाकडे आहेत तो लिस्बनला असतो आणि दिवसा कामाला जातो. तो संध्याकाळी घरी आला की आपली फाइल पुरी होणार. त्या अनोळखी पोर्तुगीज माणसाच्या प्रकृतीची मी नातेवाइकांच्या प्रकृतीपेक्षा जास्त काळजी केली आहे.

अशीच सोलसीक. नॅप्स्टरमध्ये काम केलेल्या नीर अर्बेलने काढली, आणि आजही ती तो आणि त्याची बायको मिळून चालवतात. घरगुती मामला. देणगी दिलीत तर रांगेत काही दिवस पुढे, बस्स. तिथे संगीताचे खरे वेडे असतात. एकमेकांचं अख्खं कपाट उघडून बघतात, आणि तुमच्या कपाटात काही नसेल तर चक्क दार बंद करतात. नूटेलासुद्धा मेलेलं नाही. जीटीके-नूटेला नावाचा प्रोग्रॅम अजून राखला जातो, आणि थोडे लोक अजून शेजाऱ्याला विचारत असतात, 'तुझ्याकडे आहे का हो?'

न्यूझीलंडमधल्या काही मित्रांनी २००३ साली 'मॅट्रिक्स' या चित्रपटावरून हौसेने एक छोटा चित्रपट केला. 'फॅनिमॅट्रिक्स'. साइटवर ठेवायला पैसे नव्हते म्हणून सप्टेंबरमध्ये त्यांनी त्याचा टॉरेंट केला. तो आज माहीत असलेला सर्वांत जुना जिवंत टॉरेंट आहे. वीस वर्षं होऊन गेली तरी कुणी ना कुणी तो देत बसलेला असतो. कशासाठी? कुणी पैसे देत नाही, कुणी आभार मानत नाही. कुठल्या तरी घरात एक कॉम्प्युटर चालू ठेवलेला आहे, इतकंच.

एकूण हिशेब असा निघतो की ज्याला मालक होता त्याचं नाव विकलं गेलं, आणि ज्याला मालक नव्हता ते विकायलाच कुणी सापडलं नाही म्हणून वाचलं. नॅप्स्टरला आज काय म्हणायचं हे नॅप्स्टरच्या वकिलालाही विचारून सांगावं लागेल. खेचराला अजून खेचरच म्हणतात.

आणि फुकट उतरवून घेणाऱ्यांना लाथ मारणारा तो हबवरचा भाऊ आज असायला हवा होता. कारण २०२५ साली अमेरिकेत न्यायालयापुढे आलेल्या कागदपत्रांतून दिसलं की मेटा कंपनीने आपल्या एआयला शिकवण्यासाठी चोरीच्या पुस्तकांचा ८० टेराबाइटहून अधिक साठा टॉरेंटने उतरवला. एका कर्मचाऱ्याने तर आतल्या संदेशात लिहिलं होतं की ऑफिसच्या लॅपटॉपवरून टॉरेंट चालवणं काही बरं वाटत नाही. लेखकांच्या वकिलांनी पुढे आणलेली दुसरी बाब मला जास्त लागली: उतरवताना आपल्याकडून दुसऱ्याला कमीत कमी माल जावा अशी सेटिंग करून ठेवली होती म्हणे. ८० टेराबाइट घ्यायचे आणि द्यायचं म्हटलं की मूठ मिटायची! आमच्या हबवर मेटा असती तर नाव आणि खोली नंबर जाहीर झाला असता. अँथ्रॉपिक या दुसऱ्या एआय कंपनीने अशाच चोरीच्या पुस्तकांच्या खटल्यात त्याच वर्षी दीड अब्ज डॉलरवर तडजोड केली, म्हणजे पुस्तकामागे साधारण ३,००० डॉलर. मिनेसोटातल्या बाईंना शेवटी गाण्यामागे ९,२५० पडले होते. घाऊक घेतलं की दर कमी लागतो.

आता एक विनंती, आणि ती कायद्यात बसणारी आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, आणि गीतकार-संगीतकाराचा त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. 'मानापमान' नाटकाचे लेखक खाडिलकर १९४८ साली गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली. त्यातल्या पदांच्या बालगंधर्वांच्या त्या काळच्या तबकड्या आता कुणाच्याही मालकीच्या नाहीत, म्हणजे तुमच्या-माझ्या आहेत. आजोबांच्या माळ्यावर अशी एखादी तबकडी असेल, नाहीतर कुणी उतरवून दिलेली फाइल जुन्या हार्ड डिस्कवर पडली असेल, तर ती मोकळ्या मनाने वाटा. गायकाचं नाव तेवढं बरोबर घाला. आणि फाइल पूर्ण झाल्यावर लगेच कॉम्प्युटर बंद करू नका. लिस्बनमध्ये कुणाचे तरी दोन टक्के अडलेले असतील.